पेंचचं पाणी आणि आपली वाढती तहान

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै २०१९ आठवतो का? ऐन पावसाळ्यात नागपुरात नळ दिवसाआड येऊ लागले. शहराला पाणी देणाऱ्या, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला होता आणि मृतसाठ्याला, म्हणजे तळाच्या एरवी न वापरायच्या पाण्याला, हात घालावा लागला होता. जून कोरडा गेला हे खरंच. पण त्याआधी पेंचवरच, वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण उभं राहिलं होतं आणि खाली येणारं पाणी तिथे अडू लागलं होतं. तेव्हा पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच वाक्य ऐकू यायचं, “एमपीवाल्यांनी आपलं पाणी अडवलं.”

आता हे “आपलं” जरा तपासून बघू. गोदावरीचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या लवादाचा निवाडा १९८० सालचा आहे. पेंच मिळते कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जातं. या खोऱ्यात मध्य प्रदेशाचा हिस्सा आहे, हे तेव्हापासून कागदावर होतं. म्हणजे वरचं राज्य कधी ना कधी आपल्या वाट्याचं पाणी अडवणार, हे समजायला ज्योतिषी लागत नव्हता. मधली तीस-पस्तीस वर्षं आपण येईल तेवढं पाणी वापरत राहिलो, आणि येणारं सगळं आपलंच असं धरून चाललो.

पाण्याच्या टंचाईवर संशोधन करणारे लोक पूर्वी पाऊस मोजायचे, नदी मोजायचे, धरण किती भरेल याचं गणित मांडायचे. माणूस त्या गणितात एक ठरलेला आकडा असायचा, दरडोई इतके लिटर. २०१२ साली मुरुगेसु सिवपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की माणसाला असं बाजूला ठेवून पाण्याचा अंदाज चुकतो, कारण पाणी बदललं की माणूस वागणं बदलतो आणि माणसाच्या वागण्याने पुन्हा पाणी बदलतं. समाज आणि जलविज्ञान एकत्र अभ्यासणारी ही शाखा तिथून वाढली. २०१८ मध्ये ज्युलियानो दी बाल्दासारे आणि इतरांनी याच अंगाने धरणांकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: धरण झालं की पुरवठा वाढतो, वाढलेल्या पुरवठ्यावर वस्ती, कारखाने, पिकं वाढतात, आणि काही वर्षांत मागणी पुन्हा पुरवठ्याला गाठते. वर आणखी एक गोष्ट घडते. बरीच वर्षं पाणी कमी पडलं नाही की कमी पाण्यात भागवायची सवय मोडते. मग एखादं कोरडं वर्ष आलं, की धरण नसताना बसला असता त्याहून मोठा फटका बसतो.

धरणं बांधू नका, असा याचा अर्थ नाही. तोतलाडोह नसतं तर आजचं नागपूर नसतं, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

पण नागपूरचा इतिहास या मांडणीत अगदी चपखल बसतो. गोंड राजा चांद सुलतान याने नाग नदीचं पाणी अडवून जुम्मा तलाव केला, आजचा गांधीसागर. १८७० च्या सुमारास अंबाझरीचं पाणी शहरात आलं. ते पुरेना म्हणून १९११-१२ च्या सुमारास गोरेवाडा. मग कन्हान नदी. १९८० च्या दशकात पेंच. दर वेळी उगम आणखी लांब गेला, आणि दर वेळी वाटलं की आता चिंता मिटली. पेंच प्रकल्प मुळात पारशिवनी, रामटेक, मौदा भागातल्या शेतीसाठीही होता, हे शहरात फार कुणाच्या लक्षात नसतं. धरण कमी भरलं की पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात, ते योग्यच. पण त्या वर्षी उन्हाळी धानाला पाणी मिळत नाही, आणि ती बातमी शहरातल्या पानावर फार तर दोन ओळींची असते.

महापालिका शहराला रोज साधारण ६५ कोटी लिटर पाणी देते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २४ लाख होती. आज ती ३० लाख धरली तरी माणशी दोनशे लिटरच्या वर जातं. शहरांसाठी सरकारी मानक १३५ लिटरचं आहे. यात दुकानं, दवाखाने, हॉटेलं धरली तरी सरासरी वाईट नाही. मग टेकडीवरच्या वस्तीत, नळाच्या शेवटच्या टोकाला, मे महिन्यात टँकर का लागतो?

यासाठी एक गल्ली जवळून बघू. सकाळी सहाला नळ येतात. पहिल्या घरात नळाला टिल्लू पंप जोडलेला असतो. पंप सुरू होतो, गच्चीवरची टाकी भरते, कूलर भरतो, अंगणात सडा पडतो. मुख्य नळात जेवढा दाब असतो त्यातला बराचसा हा पंप ओढून घेतो. दुसऱ्या घरात धार बारीक होते, म्हणून तेही पंप लावतात. तिसरं घर का मागे राहील? गल्लीच्या टोकाला राहणारी बाई पाण्याचा गुंड घेऊन बसलेली असते आणि तिच्या नळातून नुसती हवा येते. गोष्ट इथे संपत नाही. पंपांच्या ओढीने नळातला दाब शून्याच्याही खाली गेला, आणि जवळपास जुना, गंजलेला सांधा असला, तर बाहेरचं नालीचं पाणी त्या सांध्यातून आत ओढलं जातं. पुढचा आठवडा मोहल्ल्यात हगवणीचा. अशा गल्लीत वरून आणखी पाणी सोडलं तर काय होईल? पहिल्या घरातली टाकी मोठी होईल.

आता हवामानाकडे येऊ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये मध्य भारताच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या, असं त्यांना आढळलं. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज वाढली नाही, उलट घटतीकडेच झुकली. म्हणजे कमी दिवसांत जास्त पाऊस, आणि मधे लांब उघडीप.

हे आपल्याला पुस्तकात वाचायची गरज उरलेली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहिली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं. माणसं दगावली. एकेकाळी ज्या तलावाने शहराची तहान भागवली, त्याच्याच पाण्यापासून लोकांना नावेतून बाहेर काढावं लागलं. हा पाऊस मुरण्यासाठी जागाही आपण ठेवलेली नाही. नागपूरच्या पश्चिमेचा काळा खडक आधीच पाणी फार धरत नाही, आणि त्यावर आपण अंगणापर्यंत सिमेंटचे रस्ते आणून टेकवले.

आणि ऊन? मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटीमीटर सहज उतरते. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी लिटर. रोज! तापमान वाढलं की हा आकडा वाढणार, आणि त्याच वेळी शहरातला प्रत्येक डेझर्ट कूलरही जास्त पाणी मागणार. पुरवठा घटण्याचा आणि मागणी वाढण्याचा महिना एकच असतो, ही आपली खरी अडचण. पेंचवरच्याच नवेगाव खैरी धरणाचं पाणी पूर्वी उघड्या कालव्यातून शहराकडे यायचं. त्यासाठी बंद जलवाहिनी टाकली, हे त्यामुळेच शहाणपणाचं काम झालं.

संत्र्याच्या पट्ट्यात हेच चित्र जमिनीखाली दिसतं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी. इथले बागायतदार पाण्याचा अंदाज घेऊनच बहार धरतात. आंबिया बहार धरायचा तर थंडीत ताण द्यायचा, म्हणजे झाडांचं पाणी तोडायचं, आणि मग फळं उन्हाळाभर पाण्यावर पोसायची. विहिरीत तेवढा दम नसेल तर मे महिन्यात ताण देऊन मृग बहार धरायचा, म्हणजे फूल पावसावर येतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे पाण्याचं अंदाजपत्रकच आहे. मग बोअर आले आणि पाणी दिसायचं बंद झालं. विहीर आटताना दिसते, पाचशे-सातशे फुटांखालचं पाणी दिसत नाही. ठिबक आलं, ते चांगलंच. पण क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की जगात बहुतेक ठिकाणी ठिबकने शेताची बचत होते, खोऱ्याची होतेच असं नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी झाडं लावतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही लावली असती. किती उपसायचं हे गावाने मिळून ठरवलं नाही, तर नुसती नळी बदलून भूजल वर येत नाही.

नागपूरने एक गोष्ट मात्र देशातल्या बऱ्याच शहरांआधी केली, आणि तिचं कौतुक इथेच फार होत नाही. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जातं. जेवढं हे पाणी राखेला आणि वाफेला लागतं, तेवढं पेंचचं ताजं पाणी सुटतं. शिवाय सांडपाणी दुष्काळातही येतच राहतं. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. झाडांच्या मुळांवर सांडपाणी शुद्ध करणारी फायटोरिड पद्धत तिथलीच. एखाद्या सोसायटीने बागेपुरती ती बसवायला हरकत काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला मान्यता दिली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब, थेट बुलढाण्यापर्यंत नेण्याची ही योजना आहे. पश्चिम विदर्भाला त्याची गरज आहे, यात वाद नाही. पण नागपूरची नाग नदी आपली घाण घेऊन कन्हानमार्गे त्याच गोसीखुर्दला पोहोचते, म्हणून भांडेवाडीचं काम अजून अर्धंच आहे. आणि दुसरं असं, की ज्या वर्षी गोसीखुर्द निम्मंच भरेल त्या वर्षी भंडाऱ्याच्या धानाला किती, नागपूरला किती आणि बुलढाण्याला किती, हे कालवा खोदायच्या आधी लिहून, छापून, गावोगावच्या चावडीवर लावलं पाहिजे. चौराईच्या वेळी वाटपाचा कागद निदान होता, आपण तो वाचला नव्हता.

नमस्कार.