जवळा, नाचणी आणि रोजची एक गोळी

(दृश्य : सकाळ. कोळीवाड्यातलं खळं, पसरलेला जवळा.)

मुरूडच्या अलीकडचा कोळीवाडा. उजाडायच्या आत जवळा खळ्यावर आलाय. आधी निवडायचा : कचरा, बारीक खेकडे, चुकून आलेलं एखादं मांदेल बाजूला. मग हाताच्या झटक्याने पातळ उधळायचा. थर जाड पडला की खालचा जवळा वास मारतो. दुपारपर्यंत दोन-तीनदा खराट्याने पालटायचा. ऊन कडक असेल तर संध्याकाळी खडखडीत. मीठ लावत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

(दृश्य : वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील.)

बोंबलाची तऱ्हा वेगळी. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टांगायची. निळ्या लुगड्यातल्या मावशी हे काम उजव्या हातानेच करतायत. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्यात. जड पाटी आता जाऊबाई उचलतात.

उपचारासाठी रेवसहून लाँच, मुंबईचा भाऊचा धक्का, तिथून परळचं हॉस्पिटल. किमो झाली, रेडिएशन झालं. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी, किमान ५ वर्षं.

(दृश्य : गोळ्यांचं पाकीट, मावशींचे हात.)

पाळी गेल्यावरही शरीरात, मुख्यतः चरबीत, थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं. मावशींचा कॅन्सर त्यावरच वाढणारा होता; गोळी ते बनणं रोखते. पण हाडांची राखणही इस्ट्रोजेनच करत असतं. ते गेलं की जुनं हाड झिजतं जास्त आणि नवं भरतं कमी.

आणि नेमकं याच वेळी घरोघरी पथ्य सुरू होतं. सुकट बंद, मासळी बंद, ‘गरम पडतं’ म्हणून अमुक बंद. उरतो पेजभात आणि चहा-बिस्किट. आहाराच्या छापील कागदावर दूध, पनीर, बदाम असतात. कोळीवाड्यात रोज पनीर कोण आणतं?

रजोनिवृत्तीनंतर बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. जवळा सालासकट खातात, सुक्या बोंबलाचा मऊ काटाही पोटात जातो. कॅल्शियम आहे ते तिथेच. खारवलेल्या बांगड्याचं मात्र तसं नाही. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम निघून जातं. म्हणून मघाचं ते बिनमिठाचं वाळवण.

(दृश्य : डोंगरउतार, नाचणीची कणसं, मग जातं.)

नाचणी येते वरकस जमिनीवरून, जिथे भात होत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०. तरी रेशनच्या तांदळाने भाकरीला ताटाबाहेर काढलं. मावशींच्या घरी नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, मग दळतात. मोड आले की त्यातलं कॅल्शियम अंगी लागायला सोपं जातं. पीठ रात्री पाण्यात कालवून आंबवलं की सकाळी आंबील. त्यात ताक, वरून ठेचलेली लसूण.

(दृश्य : उन्हात काम करणाऱ्या बायका.)

कॅल्शियम शोषलं जायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते उन्हातून मिळतं. गंमत बघा, दिवसभर उन्हात असलेल्या या बायका डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या आहेत. पुढे पावसाळ्याचे ढग.

हाडं ठिसूळ झाली की मनगट, मणका, खुबा साध्या पडण्यानेही मोडतो. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यायची. कॅल्शियमची गोळी, ड जीवनसत्त्व, गरज पडली तर हाडांचं इंजेक्शन, हे डॉक्टर ठरवतात. जवळा त्याची जागा घेत नाही. सांधे दुखतात म्हणून लेट्रोझोल परस्पर बंद करू नये.

(दृश्य : आगोटीची तयारी, डबे भरणं.)

१ जूनपासून यांत्रिक होड्या बंद, ३१ जुलैपर्यंत. त्याआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. जवळा पुन्हा एकदा ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात, बोंबील कागदात गुंडाळून फडताळात. या वर्षी मावशींनी नाचणीचा डबाही त्यांच्या शेजारीच ठेवलाय. सून विचारते, परळच्या कागदावर सुकट लिहून आणायची का. मावशी म्हणतात, पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच विचारू.