पिंगला उत्तर आलं, पण कोणाकडून?

मंडळी, आपल्या नेटवर्क सपोर्टच्या कामात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "सर्व्हर कनेक्ट होत नाहीये". त्यावर मी आधी एकच विचारतो, स्क्रीनवर नेमकं काय आलं आणि यायला किती वेळ लागला? दोन-तीन सेकंदांत नकार आला की वीस-एकवीस सेकंद नुसतं फिरत राहून मग आला? कारण झटकन नकार आला म्हणजे पलीकडे कुठलंतरी मशीन जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे त्या सेवेच्या ठरलेल्या नंबराच्या दारावर, कोणी ऐकत बसलेलं नाही, आणि बराच वेळ काहीच नाही न् मग टाइम आउट, म्हणजे पॅकेट, आपण पाठवलेला डेटाचा तुकडा, वाटेत हरवलं किंवा फायरवॉलने, म्हणजे नको ते अडवणाऱ्या पहारेकऱ्याने, गुपचूप गिळलं. दार वाजवल्यावर आतून "इथे नाही राहत ते" असं कोणी ओरडणं वेगळं आणि घरात कोणी ओच देत नाही हे वेगळं.

आता एक केस सांगतो, ती मला चांगलीच शिकवून गेली. कोल्हापुरातलं एका कंपनीचं ब्रँच ऑफिस, माणसं सात-आठ, सर्व्हर पुण्याला हेड ऑफिसमध्ये. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून हेड ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा खासगी रस्ता, लावायचं, मग रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे लांबच्या मशीनची स्क्रीन आपल्या पीसीवर उघडून, सर्व्हरवर जायचं, तिथेच अकाउंट्सचं सॉफ्टवेअर. तारीख १९, दुसऱ्या दिवशी २० म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि अकाउंट्सच्या ताई सकाळपासून अडकलेल्या. हेड ऑफिसवाले फोनवर म्हणत होते, इकडे सगळं चालू आहे, पुण्यातले सगळे आत आहेत, तुम्हीच कशाला तरी हात लावला असणार. ताईंनी कशालाच हात लावला नव्हता हो, तीन वेळा पीसी रीस्टार्ट केला आणि दोनदा पासवर्ड तपासला एवढंच. ब्रँचच्या माणसावर असं ढकलून देणं मला अजिबात पटत नाही, कारण त्याने तो घाबरतो आणि मग घडलेली साधी गोष्टसुद्धा सांगायची राहून जाते. इथेही तेच झालं. आदल्या दिवशी संध्याकाळी ब्रॉडबँडवाला येऊन जुना राउटर काढून नवीन बसवून गेला होता, हे मला दुपारी दोन वाजता कळलं, तेही चहा घेऊन आलेल्या शिपाई दादांकडून.

तोवर मी काय केलं ते बघा, कारण चूक माझीही होती. व्हीपीएन कनेक्टेड दिसत होतं. सर्व्हरचा ॲड्रेस १९२.१६८.१.१०, पिंग मारला, म्हणजे त्या ॲड्रेसला 'आहेस का?' अशी चार पॅकेटं पाठवली, चारही रिप्लाय आले. मग माझ्या डोक्याने ठरवून टाकलं की नेटवर्क ठीक आहे, गडबड सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉपमध्येच. हेड ऑफिसच्या पोराला सर्व्हिस बघायला लावली, फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बघायला लावला, तो बिचारा म्हणतोय दादा सगळं चालू आहे, आणि ह्यात माझे दोन तास गेले. रिमोट डेस्कटॉपचा तो मेसेज तुम्हाला माहीत आहे, रिमोट ॲक्सेस बंद असेल, नाहीतर कॉम्प्युटर बंद असेल, नाहीतर नेटवर्कवर नसेल. तिन्ही शक्यता एका खिडकीत, त्यातून बोध काय घेणार. पॉवरशेल ह्या विंडोजच्या कमांडच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन ही पोर्ट तपासायची कमांड चालवली तर पिंग ट्रू आणि ३३८९ फॉल्स, तेही झटकन. म्हणजे कोणीतरी नकार देतंय, पण कोण?

राउटर बदलल्याचं कळलं तेव्हा मी परत पिंगच्या त्या चार ओळी नीट वाचल्या. टाइम, एक मिलिसेकंदाहून कमी. टीटीएल, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा, ६४. आणि तेव्हा लख्ख कळलं. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो, कोल्हापूर-पुणे सरळ रेषेत धरलं तरी जाऊन-येऊन चारशे, म्हणजे वाटेत एकही यंत्र नसतं तरी दोन मिलिसेकंद लागणारच. एकाच्या आत उत्तर पुण्याहून येऊच शकत नाही. शिवाय तो सर्व्हर विंडोजचा, विंडोज डिफॉल्टने टीटीएल १२८ पासून पाठवतो, हे ६४ म्हणजे कुठलंतरी लिनक्सवर चालणारं यंत्र, आणि एकही राउटर न ओलांडता आलेलं. म्हणजे ते ह्याच भिंतींच्या आत होतं. एआरपी टेबल, म्हणजे ह्याच नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी, काढलं, .१० पुढे मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर नंबर, हजर. मग कपाटावरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डरची, केबल ओढली आणि पिंग तिथल्या तिथे बंद.

झालं होतं असं की जुन्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.०.x होतं, नवीन आला तो १९२.१६८.१.x घेऊन, आणि हेड ऑफिसचंही नेमकं तेच. दोन्हीकडे एकच नंबर, आणि दोन सारखे रस्ते दिसले की विंडोज ज्याचं मेट्रिक, म्हणजे त्या रस्त्याची ठरवलेली किंमत, कमी तो धरतो, इथे ऑफिसातला धरला. त्यात डीव्हीआरला राउटरमधल्या आपोआप ॲड्रेस वाटणाऱ्या डीएचसीपीने १० नंबर दिला, सर्व्हरचाच. तो दहा नंबर आला नसता तर पिंग फेल गेला असता आणि मी इतका भरकटलो नसतो. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ह्या इंटरनेटच्या नियमपत्रकाने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ॲड्रेस, एवढी प्रचंड जागा मोकळी ठेवलीय, आणि आपण सगळे बॉक्समधून निघालेल्या १९२.१६८.१ वरच बसून राहतो.

पिंगला दोष नाही हं. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो लिहिला, नाव ठेवलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. सोनार एवढंच सांगतो की समोर काहीतरी आहे आणि किती लांब आहे. लांबी तिथे लिहिलेली होती, मीच फक्त "रिप्लाय फ्रॉम" एवढंच वाचलं.

मधल्या वेळात हेड ऑफिसमधून एक सूचना आली होती, की तोवर ३३८९ सरळ इंटरनेटवर उघडून देतो, ताईंचं काम तरी होईल. मी हात जोडून नको म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन, घाई कितीही असू दे. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी बाहेर आली, लॉगिन न करताच मशीन ताब्यात घेता येईल अशी, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. उघडलेला पोर्ट उद्या बंद करू म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुरुस्ती तशी छोटी. नवीन राउटरचं नेटवर्क बदलून १९२.१६८.४७.x केलं, सगळ्या पीसींनी नवीन ॲड्रेस घेतले, एका प्रिंटरला हाताने टाकलेला जुना ॲड्रेस होता तो बदलावा लागला. परत पिंग मारला, तेवीस मिलिसेकंद, टीटीएल १२७. एवढा मोठा आकडा बघून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. संध्याकाळी सव्वापाचला ताई आत गेल्या, साडेसातपर्यंत बसून रिटर्न भरलं, आणि निघताना मी राउटरवर कागद चिकटवला, हेड ऑफिसचं नेटवर्क कुठलं, आपलं कुठलं, आणि बॉक्स बदलायच्या आधी कोणाला फोन करायचा. मागच्या दिवाळीत ब्रॉडबँडवाला परत आला तेव्हा शिपाई दादांनी त्याला तो कागद वाचायला लावला आणि तिथूनच मला फोन लावून दिला.