शेरा नावाचा रकाना

(दृश्य: जुना जाडजूड मॉनिटर. एक पान सावकाश उमटतं आहे.)

१९९८ साल संपत आलं होतं. स्वीडनमधल्या एका चर्चच्या कामाला हातभार लावणाऱ्या बाईंनी घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटी वेबसाइट केली. दीक्षेची तयारी करणाऱ्यांना हवी ती माहिती मिळावी, एवढाच हेतू. त्यात स्वतःबद्दल आणि अठरा सहकाऱ्यांबद्दल थोडं गमतीच्या सुरात लिहिलं. कोण काय काम करतं, कोणाला कसला छंद, काहींचे फोन नंबर. एकीचा पाय दुखावलाय, म्हणून ती सध्या अर्धवेळच कामावर असते, हेही आलं. विचारलं मात्र कोणालाच नव्हतं.

काही जणांना ते रुचलेलं नाही असं कळताच बाईंनी पानं काढून टाकली. तरी खटला झाला, ४,००० क्रोनर दंड झाला आणि अपिलातून प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेलं. ६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल आला: जगात कोणीही उघडू शकेल असं पान ही घरगुती बाब नव्हे, आणि पाय दुखावल्याचा उल्लेख ही आरोग्याची माहिती आहे.

(दृश्य: सभेतल्या खुर्च्या, चहाचे कप, एक उघडा लॅपटॉप.)

छंदाच्या मंडळाच्या प्रत्येक शाखेत अशी एक व्यक्ती असते. पहिल्या सभेत ती चुकून म्हणते, "मला थोडंफार येतं," आणि मग वेबसाइट जन्मभर तिच्याच गळ्यात पडते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, तिच्या नावावर, पैसे तिच्या कार्डावरून, पासवर्ड तिच्या डोक्यात. पुढे तिची नोकरी बदलते, जुना ईमेल बंद पडतो आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत जात राहतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांची नोंदणी एकदा रद्द झाली, की ती जास्तीचे पैसे भरून सोडवायला साधारण तीस दिवस मिळतात. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतं. शाखेच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या, तर निदान ते लक्षात तरी येतं. खरा धोका दिसत नाही. शाखेचे ईमेल त्याच डोमेनवर असतील, तर पासवर्ड बदलण्याची पत्रंही आता नव्या मालकाकडे जाणार.

म्हणून डोमेनचं खातं एका माणसाच्या नव्हे, पदाच्या ईमेलवर हवं, आणि तो ईमेल या डोमेनवर नको. चाव्या दोघांकडे हव्यात. पद सोडलेल्याचा प्रवेश त्याच आठवड्यात बंद करायचा. यात अविश्वास कसला? उलट त्या माणसाची सुटका होते.

(दृश्य: सभासदांची एक्सेल यादी. नावं पुसट केलेली.)

आता ही यादी बघा. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, रक्तगट. शेवटचा रकाना: शेरा. "घरी फोन करू नये, मिस्टरांना आवडत नाही." कोणीतरी काळजीपोटीच लिहिलंय. ही फाइल वेबसाइटवर चढवताना तो रकाना लपवला जातो. पण लपवलेला रकाना फाइलमध्येच असतो, दोन क्लिकमध्ये परत उघडतो. जुन्या वार्तापत्रांचं तेच. मेनूमधली लिंक काढली, तरी पीडीएफ सर्व्हरवर राहते आणि शोधणाऱ्याला सापडते.

छंदाची माहिती निरुपद्रवी असते, असं म्हणणाऱ्याला मी तीन कागद शेजारी ठेवून दाखवेन: नाण्यांच्या संग्राहकांची पत्त्यांसह यादी, कोणाकडे कोणती दुर्मीळ नाणी आहेत त्याचं कौतुक, आणि पुढच्या सहलीला येणाऱ्यांची नावं. चोराला आणखी काय लागतं?

पक्षिनिरीक्षकांची गंमत आणखी वेगळी. घरट्याची जागा सांगायची नाही, हे ते कसोशीने पाळतात. पण फोनवर काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. मूळ फाइल तशीच चढवली, तर जागा आपोआप जाहीर होते.

(दृश्य: कार्यशाळेत वाकून काम करणारी मुलं, पाठमोरी.)

मुलांच्या बाबतीत कायदे आणखी कडक आहेत, पण वयाची रेघ सगळीकडे एक नाही. अमेरिकेच्या कायद्यात १३ वर्षं. युरोपात १६, पण देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. पालकांनी प्रवेश-अर्जावर सही केली म्हणजे फोटो छापायला होकार दिला, असं धरू नये. फोटोला वेगळा होकार, फोन नंबरला वेगळा. आणि दिलेला होकार उद्या मागे घेतला, तर "का?" असं विचारायचं नाही.

"आम्ही स्वयंसेवक, पगार कोणाला नाही," ही सबबही फारशी चालत नाही. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांत घरगुती वापराला सूट आहे, संस्थेच्या सभासद-यादीला नाही.

(दृश्य: पुन्हा तीच यादी. कर्सर शेवटच्या रकान्यावर.)

शाखेला सभासदाचं नाव हवं, संपर्काची एक सोय हवी आणि वर्गणीची नोंद हवी. रक्तगट कधी, कशासाठी विचारला होता, ते सभेत कोणालाच आठवत नाही. सचिव तो रकाना निवडतात आणि काढून टाकतात. मग शेरा.

"याची एक प्रत माझ्याकडे पण आहे," मागून कोणीतरी म्हणतं. "माझ्याकडेही."