वादविवादात नाव द्या, नावडती बाजू आली तरी!

नमस्कार मित्रमैत्रिणींनो! वर्गात प्रश्न विचारला जातो, उत्तर तुम्हाला येत असतं, हात अर्धा वर जातो आणि गुपचूप बाकावर परत येतो. होतं ना असं? सहावी ते आठवीत असाल, तर आज मला तुमच्याशी त्या हाताबद्दलच बोलायचंय.

वादविवाद स्पर्धेची सूचना आली की आपण म्हणतो, ‘ते बोलक्या मुलांचं काम!’ मला हे अजिबात पटत नाही. तिथे निम्मं काम कानांचं असतं.

समजा, विषय आहे ‘गृहपाठ बंद करावा’. तुम्ही खूश! पण चिठ्ठी उघडता तर वाट्याला आलीये प्रतिकूल बाजू. म्हणजे आता गृहपाठाची बाजू लढवायची. पहिली दहा मिनिटं काहीच सुचत नाही. मग आठवतं, वर्गात सोपं वाटलेलं गणित घरी एकट्याने करताना तिसऱ्या पायरीवर अडलं होतं. अडलं, म्हणून तर कळलं की आपल्याला नेमकं काय येत नाही. सापडला की मुद्दा! तुमचं मत बदलेल असं नाही. पण समोरच्याकडेही कारणं असतात, हे बाराव्या वर्षी उमगणं मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या एका प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसणं म्हणजे वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द तिथूनच आलाय. तुम्हाला शिकायचाय तो पहिला प्रकार.

शाळकरी मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा 1988 पासून होते. एका संघाचे तीन वक्ते बोलतात, प्रत्येकाला आठ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं, तर मध्ये प्रतिस्पर्धी उभा राहून प्रश्न विचारू शकतो. आता सांगा, नुसतं पाठ केलेलं भाषण तिथे कसं पुरेल?

म्हणून पाठांतर कमी, टिपणं जास्त. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे समोरच्याचा मुद्दा, दोन-तीन शब्दांत. उजवीकडे, अगदी त्याच्यासमोर, तुमचं उत्तर. उजवीकडे जागा रिकामी राहिली की समजायचं, इथे आपण अजून विचार केलेला नाही. बोलायला उठाल तेव्हा हे पानच हातात असू द्या.

आणि आवाज थरथरला तर? थरथरू दे. एक श्वास घ्या, पानावरचा पुढचा मुद्दा वाचा आणि बोलत राहा. परीक्षक मुद्दे आणि उत्तरंही ऐकत असतात.

आज घरी एक मिनिटाचा टायमर लावा. तुम्हाला ठामपणे वाटणारी एखादी गोष्ट निवडा आणि तिच्या विरुद्ध बोला. मोठ्याने, उभं राहून. मग उद्या शाळेत जाऊन वादविवादासाठी नाव द्या.