दह्याशिवायचं दाट ड्रेसिंग

[दृश्य: वाडग्यात भिजलेले काजू, पाणी निथळतंय.]

रात्रभर फ्रिजमध्ये भिजलेले हे काजू आता नखानं दाबले तरी दबतात. यांचंच आपण सॅलडसाठी ड्रेसिंग करणार आहोत. त्यात दही नाही, साय नाही, मेयॉनीज नाही. गॅसही पेटवायचा नाही.

दाटपणा दुधातूनच येतो, असं आपण धरून चालतो. पण साय दाट लागते ती तिच्यातल्या स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात म्हणून. काजूत वजनाच्या साधारण ४५ टक्के स्निग्धांश असतो. वाटताना तो बारीक थेंबांत फुटतो आणि काजूतलीच प्रथिनं ते थेंब एकत्र येऊ देत नाहीत. वाटण पांढरं, मऊ होतं ते त्यामुळे.

कोकणात आणि गोव्यात हे वेगळं सांगायला नको. खवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून, पिळून काढलेला रस, त्यात कोकमाचं आगळ, लसूण, मिरची: सोलकढी न शिजवताच होते, आणि तिच्यात दुधाचा थेंब नसतो. सॅलडसाठी मात्र फक्त पहिला दाट रस घ्या. फ्रिजमध्ये त्यातलं तेल गोठून वर येतं. थोडा वेळ बाहेर ठेवून घुसळलं की पुन्हा मिळून येतं.

[दृश्य: मिक्सरचं लहान भांडं.]

आता काजू. एक वाटी पुरे, आणि अख्खेच हवेत असं नाही. वाटायचेच आहेत, तर स्वस्तातला तुकडा चालतो. घाई असेल तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. भिजवलेलं पाणी ओतून टाका.

खरी मेख पुढे आहे. सुरुवातीला दोन-तीन चमचेच पाणी घाला. एकदम सगळं ओतलं तर तुकडे पात्याभोवती नुसते फिरत राहतात आणि वाटण रवाळ राहतं. कडा खरवडत, थांबत थांबत वाटा. थोडं दोन बोटांत घेऊन चोळून बघा. कण लागला, तर अजून फिरवा. गुळगुळीत झाल्यावरच हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत थंड पाणी, लिंबाचा रस, मीठ, लसणाची एक पाकळी.

आणि फेसलेली मोहरी, पाव चमचा. तिनं झणका तर येतोच, शिवाय तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायलाही ती मदत करते. कोशिंबिरीला मोहरी फेसून लावणाऱ्यांनी हे फार पूर्वीच साधलं होतं. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरी घालून बघाच!

[दृश्य: काजूबी, टरफलासकट.]

काजूबीच्या टरफलात त्वचा भाजणारं तेल असतं, म्हणून कारखान्यात बी फोडण्याआधी वाफवतात किंवा भाजतात. त्यामुळे दुकानात कच्चे म्हणून मिळणारे काजूही आच लागलेलेच असतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण कटाक्षानं कच्चंच खाणाऱ्यांनी ओला नारळ किंवा न भाजलेले तीळ घ्यावेत. तीळ पॉलिशचे घ्या, सालीचे कडवट लागतात. तिळाच्या वाटणात लिंबू पडलं की ते आधी घट्ट होऊन बसतं. घाबरू नका, चमचा-चमचा पाणी घालत राहा, सैल होतं.

पाहुणे येणार असतील तर काजू आणि तीळ घातलेत हे आधीच सांगा. कुणाला त्यांची ॲलर्जी असेल तर नुसतं बघून कळणार नाही.

झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर हे तीन-चार दिवस टिकतं.

[दृश्य: काकडी, गाजर, कोवळा मुळा.]

काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं आणि मेहनतीनं आणलेला दाटपणा पातळ होतो. म्हणून भाज्या चिरून कोरड्या ठेवा, आणि ताटं वाढायला घेतलीत की मगच ड्रेसिंग घाला.