आधी डबा उघडा

(दृश्य: कराडमधलं एक घर. फरशीवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर आडवा पाडलेला कॉम्प्युटरचा काळा डबा.)

घरोघरी ह्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो, काड्यापेटीपेक्षाही चपटा. पण आपल्याकडे अख्खा डबाच सीपीयू, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं, म्हणून भांडत बसण्यात अर्थ नाही.

हा डबा एका ऑफिसातून निवृत्त झालेला आहे. कुणाचे तरी हिशेब वर्षानुवर्षं सांभाळून तो सेकंड हँड बाजारातून माझ्या भाच्याकडे आला. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, २०१३ च्या सुमाराचा, चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे चौघं. आठ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत. फायली साठवणारी एसएसडी भाच्यानं स्वतः बसवली, आणि स्क्रू मिळाला नाही म्हणून चिकटपट्टीनं. गेमची चित्रं काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच. चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच्याच गळ्यात.

भाचा अकरावीत. दोन दिवाळ्यांची ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटं आणि आजीकडून आलेली गुप्त मदत धरून त्याच्याकडे अठरा हजार जमले. एका रात्री फोन आला, "मामा, यादी पाठवलीय. कोणतं घेऊ?"

यादीत अकरा ग्राफिक्स कार्डं होती. कोणत्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात, ह्या क्रमानं लावलेली. अभ्यासाच्या वहीत इतकं नीट अक्षर मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

यादी मी बाजूला ठेवली. म्हटलं, डब्याचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो पाठव.

(दृश्य: एसएमपीएसचं लेबल, अगदी जवळून. रकाने, आकडे, धूळ.)

कमी पैशांत कार्ड घ्यायचं तर निवड इथून सुरू होते. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारी पेटी. तिच्यावर मोठ्या अक्षरात एकूण वॉट लिहिलेले असतात, आणि लोक तेवढंच वाचतात. वाचायचा असतो तो १२ व्होल्टचा रकाना. कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही जेवतात ते त्याच ताटातून.

कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणारी एखादी पेटी घ्या. वर ठसठशीत '४५०'. आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. आता १४ ला १२ नं गुणा. झाले १६८ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत निजलेले असतात, गेम खेळताना ते उठून मदतीला येत नाहीत. अशा पेटीवर दमदार कार्ड लावलं की गेम ऐन रंगात येतो आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडतो. मग कार्ड खराब निघालं म्हणून दुकानदाराशी वाद.

भाच्याच्या डब्यातली पेटी २९० वॉटची निघाली, पण प्रामाणिक. ऑफिसच्या डब्यांत बऱ्याचदा असतं तसं, आकडा छोटा पण खरा. अडचण दुसरीच होती. मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटाला, जाणारा जोड नेहमीचा २४ पिनांचा नव्हता, त्या कंपनीचा स्वतःचा, आठ पिनांचा. म्हणजे बाजारातली कुठलीही पेटी आणून लावू म्हटलं तर लागणार नाही, मध्ये कन्व्हर्टरची वायर हवी. आणि ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी वायर त्या पेटीतून निघतच नव्हती.

इथे थोडा हिशेब. ज्या लांब खाचेत कार्ड बसतं ती खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्याहून भूक मोठी असेल तर वरून वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. काही जण हार्ड डिस्कच्या सॅटा वायरीवरून सहा पिनांचा जुगाड करतात. सॅटाच्या जोडाची झेप ५४ वॉटची, आणि त्याच्याकडून मागायचे ७५. वितळलेला, काळा पडलेला असा एक जोड मी हातात घेतलेला आहे. तो वास अजून नाकात आहे.

एवढ्या एका लेबलानं अकरा नावांतली आठ उडाली.

(दृश्य: भाच्याची यादी. नावांवर एकेक रेघ ओढली जाते.)

त्यात सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती आरएक्स ६६०० ची. एएमडीचं २०२१ चं कार्ड, आठ जीबी, आणि १३२ वॉटमध्ये फुल एचडीवर पोट भरून खेळ देणारं. ज्याच्याकडे साधा, बदलता येणारा एसएमपीएस आहे त्यानं फार विचार करू नये, हेच शोधावं, असं माझं स्वच्छ मत आहे. पण त्याला आठ पिनांची वायर लागते. ह्या डब्यात ती नाही.

इंटेलची आर्क कार्डंही यादीत होती. पैशाच्या मानानं चांगली, पण त्यांना मदरबोर्डमध्ये 'रिसाइझेबल बार' नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू हवी. ती नसेल तर खेळ अडखळतो. २०१३ च्या ऑफिसच्या बोर्डाकडून ती अपेक्षा म्हणजे आजोबांना रील बनवायला सांगण्यासारखं. आरएक्स ६५०० एक्सटीची गंमत वेगळी. ते खाचेच्या सोळा मार्गांपैकी फक्त चारच वापरतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत त्या मार्गांचा वेग निम्मा होतो, आणि चार जीबी मेमरी भरली की गेम धापा टाकायला लागतो.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी हा तर फसवणुकीचा हक्काचा मळा. "चार जीबीचं कार्ड, फक्त इतक्याला!" म्हणून जीटी ७३० विकलं जातं. २०१४ चं कार्ड. मेमरी चार जीबी असेलही, पण जुनी डीडीआर थ्री, आणि तिच्यापर्यंतचा रस्ता ६४ बिटांचा. सेकंदाला १४ जीबीच्या आसपास माल वाहतो. जीटीएक्स १६५० वरही चार जीबीच आहे, पण ते सेकंदाला १२८ जीबी वाहतं. टाकी दोघांचीही तेवढीच, पण एकाची तोटी बारीक. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवून न्हाणीघरात धार करंगळीएवढी आली, तर आंघोळ कशी होणार?

(दृश्य: ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडचा जिना. गर्दी. खांद्यावर खोकी घेतलेले हमाल.)

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या साहेबाचं नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. इथे वायरीचा फूटभर तुकडाही मिळतो आणि लाखाचं कार्डही. दुकानाच्या काउंटरवर भाव बोलताना आवाज खाली येतो, आणि "बिल पाहिजे का?" हा प्रश्न आला की आणखी खाली.

बिल पाहिजेच. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून बिनबिलाचं घेतलं, तर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दाखवायला हातात काहीच नसतं.

एका दुकानातल्या माणसानं मात्र मला जिंकलं. मी कार्डाचं नाव घेण्याआधीच त्यानं विचारलं, "भाऊ, एसएमपीएस कुठला आहे?" मग, "कॅबिनेट केवढं?" मग, "प्रोसेसर?" तीन प्रश्न विचारून मगच तो कपाटाकडे वळला.

प्रोसेसरचा प्रश्न उगाच नव्हता. पंगतीत वाढपी कितीही चपळ असोत, आतून पोळ्याच येत नसतील तर पानं रिकामीच राहतात. गेममध्ये आतला आचारी प्रोसेसर आणि वाढपी ग्राफिक्स कार्ड. चार कोअरच्या जुन्या आचाऱ्यापुढे वाढप्यांची फौज उभी करून पैसे वाया जातात. त्यापेक्षा आठ जीबी रॅमची आणखी एक पट्टी घालून दोन पट्ट्या जोडीनं चालवाव्यात. खेळातले मधले मधले हिसके त्यानं कमी होतात, आणि जुनी डीडीआर थ्री पट्टी स्वस्तात मिळते.

(दृश्य: वापरलेल्या कार्डांचा ढीग. पंख्यांच्या पात्यांवर राखाडी धूळ.)

शेजारच्याच गल्लीत सेकंड हँड कार्डं. ह्यांच्या मागे एक इतिहास आहे. २०२१ मध्ये इथेरियम नावाचं आभासी चलन 'खणण्या'साठी लोकांनी ग्राफिक्स कार्डं अक्षरशः पोत्यानं उचलली. खेळणाऱ्या पोरांना साधं कार्डही दिसेना, दिसलं तर भाव ऐकून परत फिरायचे. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, खाणकाम संपलं, आणि तीच कार्डं बाजारात येऊन पडली.

मायनिंगचं, म्हणजे खाणकामात राबलेलं, कार्ड म्हणजे विषच, असं मी मानत नाही. एकाच वेगानं महिनोन्महिने चाललेली चिप बऱ्याचदा ठणठणीत असते. थकतात ते पंखे, आणि मेमरीवरचे उष्णता शोषणारे मऊ पॅड. पंखा बोटानं हलकेच फिरवून बघावा, खरखर लागते का. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे. मुंबईतून आलेलं असेल तर मागच्या पट्टीवर गंज बघावा, इथली दमट हवा कुणाला सोडत नाही. आणि दुकानातच पंधरा मिनिटं पूर्ण ताणावर चालवून दाखवा म्हणावं. 'टेस्टिंग वॉरंटी सात दिवस' हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत, नुसते ऐकून घेऊ नयेत.

नावांचेही सापळे आहेत. आरएक्स ५८० हे २०१७ चं गाजलेलं कार्ड. पण चीनच्या बाजारासाठी निघालेलं '२०४८ एसपी' असं शेपूट असलेलं ५८० म्हणजे प्रत्यक्षात धाकटं ५७०. खोक्यावर शेपूट बारीक अक्षरात, आणि विकणाऱ्याच्या तोंडी तर नसतंच. त्याहून वाईट म्हणजे सरळ बनावट कार्ड. जुनाट चिपच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून उभं करायचं. विंडोजही फसतं. 'जीपीयू-झेड' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर मात्र अशी लबाडी पकडतं आणि नावाच्या आधी चौकोनी कंसात 'फेक' असं छापून मोकळं होतं. सेकंड हँड घ्यायला जाणाऱ्यानं ते पेन ड्राइव्हवर खिशात ठेवावं.

शेवटी आमच्यापुढे दोन नावं उरली. जीटीएक्स १६५०, २०१९ चं, चार जीबी. आणि आरटीएक्स ३०५० चा सहा जीबीचा अवतार, फेब्रुवारी २०२४ चा, ७० वॉटचा. ह्याला वरून वायर लागत नाही. हेही नावाला फसवं आहे बरं का: २०२२ चं आठ जीबीचं ३०५० वेगळं, त्याला १३० वॉट लागतात आणि ते पळतंही जास्त. सहा जीबीचं घेणाऱ्यानं आठ जीबीवाल्याचे व्हिडिओ बघून स्वप्नं रंगवू नयेत. आरएक्स ६६०० तर ह्याच्या दीडपटीच्या आसपास पुढे आहे, हे मला दुकानातही टोचत होतं.

तरी मी ३०५० सहा जीबी घेतलं. नवं, बिलासकट. ७० वॉट कार्ड, ८४ वॉट प्रोसेसर, उरलेल्या सगळ्याला पन्नासेक. दोनशेच्या थोडं वर. २९० च्या पेटीत बसलं. दुसरं कारण असं की काही नवे गेम आता हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची कार्डातली सोय, असल्याशिवाय उघडतच नाहीत. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सचा गेम त्यातलाच. १६५० ला तिथे दारातूनच परत यावं लागतं. ३०५० ला तो गेम झेपेल असं नाही, पण एनव्हिडियाचं डीएलएसएस तरी हाताशी राहतं: चित्र लहान आकारात काढायचं आणि मोठं करून दाखवायचं. जुन्या डब्याला तेवढाच आधार.

(दृश्य: एसटीच्या खिडकीतून खंबाटकी घाट. मांडीवर पिशवी, पिशवीत खोकं.)

रविवारी संध्याकाळी कराडला पोचलो. कार्ड बसवायला दहा मिनिटं लागली. खाचेत दाबताना 'टक्' असा आवाज आला, स्क्रू घट्ट झाला, पंखा फिरला. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग त्यानं मॉनिटरची वायर उचलली. निळं डोकं, पंधरा पिना. व्हीजीए, जुन्या पद्धतीचा जोड.

नव्या कार्डावर ती लागेल असं भोक कुठेही नव्हतं.

फोनवर मी विचारलं होतं, "मॉनिटर किती इंची?" तो म्हणाला होता, "एकोणीस." मी मनात १३६६ गुणिले ७६८ चा हिशेबही केला होता, फुल एचडीच्या निम्मेच ठिपके, म्हणजे कार्डाला काम हलकं, वगैरे. मॉनिटरची पाठ बघायला मात्र सांगितलं नव्हतं. वायर मदरबोर्डच्या जुन्या जागी लावली, तर पडदा काळाच. कार्ड दिसलं की हा बोर्ड आपलं चित्र बंद करतो. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर काही शेकड्यांत मिळतो, पण रविवारी संध्याकाळी दुकानं बंद.

"हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय आहे," भाचा हळूच म्हणाला.

हॉलमध्ये ताईची मालिका चालू होती. आम्ही दोघं डबा घेऊन दारात उभे.

"साडेआठला संपेल," ताई वळून न बघता म्हणाली. "तोवर तो सीपीयू खाली ठेवा, फरशीवर. टीपॉयला ओरखडे पडतील."

साडेआठला टीव्ही मिळाला. भाच्यानं गेम उघडला नाही. आधी जीपीयू-झेड उघडलं, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन नाव वाचलं. नावाआधी कंस नव्हता. दोनदा वाचलं.

ताई म्हणाली, "एवढंच बघायचं होतं?"