खुर्चीखालचं पीठ आणि संशोधनाचा पैसा

ही खुर्ची बघा, माणगा बांबूची, कुडाळकडे बनलेली, दिसायला झक्कास. आता कॅमेरा जरा खाली घेऊ, फरशीवर पिवळट पीठ सांडलंय ना, तो भुंगा. त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो, आतून पोखरत जातो आणि बाहेरून टाचणीएवढी भोकं सोडली तर काही कळतच नाही. उपाय आहे हो, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू भिजवायचा, घरातल्या फर्निचरला हे मस्त चालतं. पण हे औषध पाण्यात विरघळणारं, म्हणजे अंगणातल्या मांडवाला नाहीतर एखाद्या रिसॉर्टच्या कुंपणाला तोच बांबू वापरलात तर कोकणातला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते हळूहळू धुवून नेणार. मग पावसात टिकेल, परवडेल आणि विहिरीलाही बाधणार नाही असं काहीतरी शोधायचं कोणी? कारागिराचं तर हातावर पोट.

बांबूला मार्केट आहे, 2017 ला कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढला त्यामुळे तोडायची कटकटही कमी झाली, लागवडीला अनुदानं आली. पण माणग्याला बी धरत नाही, रोपं करायची ती कांड्या लावून, मग बांबूच्या कुठल्या बेटाच्या, म्हणजे झुबक्याच्या, कांड्या घ्यायच्या हे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कसं कळणार?

खैराचं, म्हणजे ज्याच्यापासून पानातला कात निघतो त्या झाडाचं, तर आणखी अवघड. चिपळूणकडे काताचा धंदा जुना आहे. खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळायच्या, रस आटवायचा, गार केला की कात खाली बसतो आणि टॅनिनचं, म्हणजे लाकडातल्या तुरट अर्काचं, पाणी उरतं. भट्टीला जळण लागतं, आणि गाभा धरायला झाडाला कितीतरी वर्षं लागतात. खैर तोडायला परवानगी लागते, तरी चोरटी तोड होतेच. कमी लाकडात जास्त कात कसा निघेल, कुठला खैर लवकर गाभा धरतो, त्या टॅनिनच्या पाण्याला गिऱ्हाईक मिळेल का, ही कामं दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी व्हायला हवीत. तिथे फॉरेस्ट्रीचं कॉलेजही आहे.

आणि इथेच पैशाचं गाडं अडतं. देश संशोधनावर जीडीपीच्या पाऊण टक्काही खर्च करत नाही. 2023 ला अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचा, कायदा झाला, पाच वर्षांत 50,000 कोटी म्हणतात, त्यातला मोठा वाटा खासगीतून यायचाय. पण बरेचसे प्रोजेक्ट तीन वर्षांचे, आणि खैराला तुमचं आर्थिक वर्ष थोडंच माहितीये. प्रोजेक्ट संपला की मोजणारा पोरगा जातो, प्लॉटमध्ये रान माजतं, मग पुढचा प्रोजेक्ट परत पहिल्यापासून. बिल्डिंगला पैसे पटकन मिळतात, फीत कापता येते ना.

कंपन्यांना सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेला, पैसा सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला देता येतो. मला विचाराल तर कात विकणाऱ्यांनी आणि बांबूच्या नावावर रिसॉर्ट चालवणाऱ्यांनी आधी तिथं हात सैल सोडावा, आणि एकदम मोठा चेक देण्यापेक्षा दरवर्षी थोडा थोडा, पण पंधरा-वीस वर्षं द्यावा.